धुऊन परत करावे

आमच्या घरातून बाहेर गेलेलं भांडं परत आलं नाही, असं एकदा तरी दाखवा, मी मिशी उतरवीन! अख्ख्या सोसायटीत हा विक्रम फक्त आमचा आहे. कारण सोपं आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव आहे. पातेल्यांवर आहे, डावांवर आहे, छत्रीच्या दांड्यावर आहे, शिडीवर तर दोन्ही बाजूंनी आहे! आणि नुसतं नाव नाही. ‘बेलसरे यांचे. वापर झाल्यावर धुऊन परत करावे.’ माणूस कितीही निगरगट्ट असो, रोज आमटी वाढताना हे वाचावं लागलं की चार दिवसांत डाव घेऊन आमच्या दारात उभा राहतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. त्यामुळे सूचना कितीही खोचक असली तरी अक्षर वळणदार!

आमची ही, भाग्यश्री, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाली आणि तिला करमेना. दुपारभर खिडकीत उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं. मग तिनं केकचा क्लास लावला आणि बाई पुन्हा गुणगुणायला लागली. घरात ओव्हन आला, वजनकाटा आला आणि एक दिवस तपकिरी रंगाचं, गोल, लिबलिबीत असं काहीतरी आलं. मी बोटानं दाबलं तर मुडपलं, सोडलं तर टुणकन जागेवर!

“हे काय? बादलीचं झाकण?”

“सिलिकॉनचा साचा आहे केकचा. आणि नीट ऐका. हा गॅसवर ठेवायचा नाही. तारेच्या घासणीनं घासायचा नाही. चाकू-सुरी तर अजिबात लावायची नाही. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ स्पंज. कळलं?”

“कळलं. पण याच्यावर नाव कुठंय?”

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. बँकेत चेक परत करताना ती असंच पाहत असणार.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मेहरुनभाभी आल्या. त्यांची मेहनाज दातांची डॉक्टर झाली होती आणि स्वारगेटजवळ तिच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं.

“केक तुम्हीच करायचा, भाग्यश्रीताई. खजूर-अक्रोडाचा. साखर नको, क्रीम नको. दातांच्या डॉक्टरकडे क्रीमचा केक ठेवला तर लोक काय म्हणतील? आणि ही ऑर्डर आहे हां. फुकट घेणार नाही!”

हिची ही पहिली ऑर्डर! त्याआधी तिनं केलेले सगळे केक लोकांनी मिटक्या मारत खाल्ले होते, पण फुकट. भाभी गेल्यावर ही हळूच म्हणाली, “अहो, तिथे बरीच माणसं येणार. हा केक जमला तर पुढे काही होईल. फजिती झाली तर मी ओव्हनवर चादर टाकणार आणि गप्प बसणार.” पुन्हा ती खिडकी! या केकला काही होता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं.

आणि इथेच माझी बुद्धी चालली! केक साच्यातच न्यायचा होता. नेहमी केक थोडा निवला की ही साचा काढते, पण रिक्षाच्या धक्क्यांनी तुटू नये म्हणून या वेळी तिथे गेल्यावर काढायचा ठरलं होतं. म्हणजे गर्दीत साचा जाणार, कुणीतरी तो कुठल्यातरी पिशवीत कोंबणार आणि हिचा पहिलावहिला साचा गायब! नाव घालणं भागच होतं.

मी तो घेऊन आमच्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानात गेलो.

“यावर नाव घालून द्या.”

दुकानदारानं साचा मुडपून पाहिला. “आम्ही भांड्यांवर नावं घालतो. चपलांवर नाही.”

“हे भांडंच आहे!”

“मग वाजवून दाखवा.”

असल्या माणसाशी काय बोलणार! मी घरी आलो. ही भाजी आणायला गेली होती. माळ्यावरून माझी लिनोकटर्सची, म्हणजे ठसे कोरायच्या छोट्या पात्यांची, जुनी पेटी काढली. आयुष्यभर पोरांना लिनोवर चित्रं कोरायला शिकवली, हे तर लोण्यासारखं मऊ! ‘चाकू-सुरी लावायची नाही,’ असं ही म्हणाली होती. लिनोकटरचं नाव तिनं घेतलं नव्हतं!

पण साचा हातात ठरेना. इकडून धरला की तिकडून निसटायचा. शेवटी मोज्यासारखा उलटसुलट करून पिठाच्या डब्यावर ताणून बसवला आणि त्याच्या बुडावर सुबक अक्षरांत कोरलं, ‘बेलसरे यांचे. वापर झाल्यावर धुऊन परत करावे.’ डब्यावरून काढला तर टप्पकन मूळ आकारात आला. ही यायच्या आत ओट्याखाली ठेवूनही दिला. तिला सावकाश, साचा परत आल्यावर सांगू!

रविवारी सकाळी हिनं केक केला. वाफेनं धुरकटतो म्हणून चष्मा डोक्यावर सरकवलेला, मनात धाकधूक. साच्याला घाईघाईनं लोणी फासलं, पीठ ओतलं, लिबलिबू नये म्हणून साचा ट्रेवर ठेवला आणि ओव्हनमध्ये! घरभर खजुराचा असा काही वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या सामंतांनी उगीचच बेल वाजवून किती वाजले ते विचारलं.

रिक्षात साचा माझ्या मांडीवर, ताटात ठेवलेला. माझं अक्षर चाचपावं म्हणून मी बोट हळूच साच्याखाली सरकवलं.

गुळगुळीत!

पुन्हा चाचपलं. बुडाला बाहेरून एक ओरखडासुद्धा नाही. मग मी कोरलं कुठे? मला तो मोजा आठवला आणि दरदरून घाम फुटला. अक्षरं आतल्या बाजूला होती. केकला चिकटून!

“काय झालं? केक ठीक आहे ना?” हिनं विचारलं.

“केक ठीक आहे. मी म्हणत होतो, साच्यातच कापूया का?”

“सिलिकॉनवर सुरी? तुम्हाला काय सांगितलं होतं मी?”

“मग चमच्यानं खाऊया. सगळे मिळून. साच्यातूनच.”

“अहो, उद्घाटन आहे की डोहाळजेवण?”

तिथे दवाखान्यात ही गर्दी! भाभींचे नातेवाईक, मेहनाजच्या मैत्रिणी, आमच्या सोसायटीतली मंडळी आणि चकाचक खुर्चीत मानानं बसवलेले मेहनाजचे आजोबा, मैनुद्दीनचाचा. हिनं साच्यावर थाळी ठेवली, सगळं एकदम उलटं केलं आणि साचा अलगद सोलून काढला. केक कुठेही न मोडता, लुसलुशीत बाहेर आला!

आणि त्याच्या माथ्यावर माझी अक्षरं. ठसठशीत, उठावाची, उलटी. लिनोचा ठसा उलटा उमटतो, हे मी शाळेत इतक्यांदा सांगितलंय की भिंतींनाही पाठ झालं असेल!

हिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. केककडे पाहिलं, मग माझ्याकडे. जमीन दुभंगावी आणि मी केकसकट आत जावं असं मला वाटलं!

“मोडी लिपी आहे,” सामंत ठामपणे म्हणाले. “सुरुवातीला ‘श्री’ आहे.”

“आमच्यासाठी मुबारकबाद लिहिली असेल!” मेहरुनभाभी हरखून म्हणाल्या.

मेहनाजनं मोबाईल काढला, केकबरोबर सेल्फी घ्यायला कॅमेरा लावला. पडद्यावर, आरशात दिसावीत तशी, अक्षरं सरळ झाली. ती मोठ्यानं वाचू लागली, “बेलसरे यांचे. वापर झाल्यावर... धुऊन परत करावे.”

सामंतांनी घसा खाकरला. हिचे डोळे भरायला लागले होते.

एवढ्यात खुर्चीतून मैनुद्दीनचाचा गदागदा हसायला लागले. इतके, की त्यांनी तोंडावर हात धरला, नाहीतर कवळी बाहेर आली असती!

“मेहनाज, अगं ही तर माझ्या कवळीची गोष्ट आहे! जेवण झालं की काढतो, धुतो, परत घालतो. किती हुशारीनं लिहिलंय बघ! दातांच्या डॉक्टरला याहून चांगला केक कुठला?”

मग जो हशा पिकला! मेहनाजनं हिला मिठीच मारली. “काकू, कसली भारी आयडिया!” माणसांनी फोटो काढले, केकचा तुकडान् तुकडा संपवला. ‘परत करावे’ची दोन अक्षरं चाचांनी हट्टानं स्वतःच्या ताटलीत घेतली.

“पण ‘बेलसरे यांचे’ म्हणजे काय?” सामंतांनी मला कोपऱ्यात गाठलं.

“ब्रँड आहे,” मी म्हणालो. “नवीन.”

मेहनाजच्या एका मैत्रिणीनं तर हिला विचारलंच, “काकू, आमच्या चेअरमनांच्या वाढदिवसाला ‘सभेत विषय सोडून बोलू नये’ असा केक मिळेल?”

निघताना प्रत्येकाला एक टूथब्रश भेट मिळाला. घरात शिरल्यावर तिनं साचा उजेडात धरून पाहिला.

“काय चालवलंत यावर?”

“लिनोकटर. चुकलं माझं. तुझा साचा हरवू नये एवढंच मनात होतं.”

“भोक पडलं नाही, नशीब तुमचं. पण आता अक्षरांत पीठ अडकून बसणार.” तिनं भेटीचा टूथब्रश माझ्या हातात ठेवला. “मऊ आहे. कोमट पाण्यात साबण घाला आणि एकेक अक्षर साफ करा.” मी बेसिनपाशी उभा राहून ‘धुऊन’ धूत होतो, तेव्हा पाठीमागून तिचा आवाज आला. “अहो, उलटी अक्षरं मुद्दाम काढता येतात का हो तुम्हाला?”

येतात म्हणजे! आता आमच्याकडे साच्यांची चळत आहे. नवे साचे घेतानाच जाड बुडाचे घेतो. अक्षरं मी कोरतो, केक ती करते आणि खिडकीत उभं राहायला दोघांनाही वेळ नाही. परवा भाभींचा भाचा नबील आला. कॅम्पात त्याची बेकरी आहे.

“काकू, काकांना आजच्या दिवस नेऊ का? चार साचे कोरून हवेत.”

मी ऐटीत पेटी घेतली, त्यानं दिलेलं हेल्मेट घातलं आणि स्कूटरवर बसलो. ही दारात आली.

“ने की. पण काम झालं की परत आणून सोड,” ती म्हणाली. “आमचे आहेत ते. धुऊन नाही आणलेस तरी चालेल!”