वेळेवर आलेले बाबा

शहरातल्या चारशे बसगाड्या जी मुलगी मिनिटाच्या हिशेबाने पळवते, तिला एका माणसाचे ड्रम वेळेवर आणणं काय अवघड! हे लेकीचं ठाम मत होतं, आणि तिने ते आईसमोर, बाबांच्या बँडमधल्या डॉक्टरांसमोर आणि बाईंसमोर बोलूनही दाखवलं होतं.

लेक बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं बसवायची. बाबा तिचे वडील, आणि जन्मभर उशीर करणारे. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते सगळ्यांत शेवटी पोचले होते. दोन महिन्यांपूर्वी गेले, तेवढी एकच गोष्ट त्यांनी घाईने केली.

बाबा चौघांच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. गिटारवर दातांचे डॉक्टर, कीबोर्डवर निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे बाई. चौथे बासवाले, म्हणजे खर्जातल्या गिटारवर. ते मुलाकडे परगावी राहायला गेले आणि जाताना आपली साथ सॅम्पलरमध्ये भरून ठेवून गेले. सॅम्पलर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, वर रबरी चौकोन. चौकोन दाबला की आत साठवलेला आवाज वाजतो आणि नको म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

शनिवारी बाईंच्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये बाबांच्या आठवणीत गाणी व्हायची होती. ड्रमवर कोण, एवढाच प्रश्न होता.

“माझा भाचा आहे की,” बाई म्हणाल्या. “बँकेत असतो. ठोक्याला पक्का!”

“बाबांच्या जागी कुणी बसणार नाही,” लेक म्हणाली. “बाबाच वाजवतील. त्यांचं तालमीतलं रेकॉर्डिंग आहे यंत्रात. बासशी जुळवायचं काम माझ्याकडे.”

“शुक्रवारी मला ऐकव. जमलं नाही, तर भाचा!” मुख्याध्यापिका निवृत्त होते, तिचा आवाज होत नाही.

रेकॉर्डिंग एकच होतं. सुरुवातीला दार वाजतं, बाबा म्हणतात, “थांबा रे, आलोच!”, खुर्ची सरकते आणि मग ड्रम सुरू होतात. बासचा वेग मिनिटाला शहाण्णव ठोके. बाबा ब्याण्णववर सुरू व्हायचे आणि ओळ संपेपर्यंत अठ्ठ्याऐंशीवर यायचे, चढावरच्या खच्चून भरलेल्या बससारखे.

घरी बसून लेकीने यंत्राला हुकूम सोडला, हा तुकडा शहाण्णववर आण. यंत्राने विचारलं, तुकडा किती आवर्तनांचा? लेकीने अंदाजाने दोन सांगितली. होती चार! यंत्राला वाटलं, हा माणूस फारच संथ आहे. त्याने बाबांना दुप्पट वेगाने हाकललं. “थांबारेआलोच! थांबारेआलोच!” बाबा उंदराच्या आवाजात ओरडत सुटले आणि मागून ड्रम असे कोसळले, जणू कुणी भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडून दिलंय.

मग तिने आठ सांगितली. आता बाबा विहिरीच्या तळातून बोलू लागले. “थांऽऽऽबा रेऽऽऽ...”

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा उंबऱ्याबाहेरच उभे होते.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “साहेबांचा आवाज आला.”

“हो, मशीनमध्ये आहेत,” आईने सांगितलं.

आजोबांनी बाथरूमजवळच्या वॉशिंग मशीनकडे पाहिलं. ते फिरत होतं. आजोबा जिना उलट्या पावलांनी उतरले.

शेवटी लेकीने शांतपणे ठोके मोजले आणि चारचा आकडा घातला. दार वाजलं, आणि बाबा अगदी बाबांच्याच आवाजात म्हणाले, “थांबा रे, आलोच!”

“या सावकाश!” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

लेकीने मूळ रेकॉर्डिंग कोपऱ्यातल्या चौकोनात सरकवलं आणि दुसऱ्या प्रतीवर कात्री चालवली. दार गेलं, आलोच गेलं, खुर्ची गेली. उरलेल्या बाबांचे तिने ठोक्याठोक्याने तुकडे केले, गाण्याचे फेरे मोजून शेवटी झांज ठेवली आणि एकेक तुकडा जिथल्या तिथे, बासच्या शेजारी, ओळीत उभा केला. इतक्या शिस्तीत बाबा शाळेच्या फोटोतही उभे नव्हते.

शुक्रवारी फोनवर ऐकून बाई म्हणाल्या, “शाबास! असे वाजवत असते, तर मी आयुष्यभर बोलले असते का त्यांना?”

शनिवारी हॉल भरला. बाईंचा भाचा पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर काठ्यांची पिशवी घेऊन. “सोबत ठेवायची सवय आहे हो,” तो म्हणाला.

लेकीने चौकोन दाबला. बाबा सुरू झाले. घड्याळासारखे! आणि दुसऱ्याच ओळीला घोळ झाला.

तो असा. तीस वर्षं डॉक्टर आणि बाई बाबांसाठी थांबत आले होते. हात उचलायचा, श्वासभर वाट बघायची, बाबांचा ठोका पडला की आपण पडायचं. हे हातात इतकं मुरलं होतं की त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आज त्यांनी हात उचलले, वाट बघितली, आणि बाबा पुढच्या वळणावर निघून गेले!

“अरे, थांब की जरा!” डॉक्टर यंत्रावर ओरडले.

“डॉक्टर, तुम्ही मागे पडताय!” बाईंचा आवाज माईकमधून हॉलभर गेला.

“मी नाही! तो पळतोय! जन्मात पहिल्यांदा!”

“गप्प बसा आणि वाजवा!”

डॉक्टर धावले, ठेचकाळले, पुन्हा धावले. एक कडवं बाकी असताना बाबांनी झांज वाजवली आणि गाणं संपवलं. लोकांनी अंदाजाने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने पिशवीची चेन उघडली. लेक यंत्राकडे बघत राहिली. एकही ठोका चुकला नव्हता, हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं.

तेवढ्यात आई उठून मंचावर आली.

“कुठल्या चौकोनात आहेत ते?”

“कोण?”

“उशिरा येणारे.”

लेकीने कोपऱ्यातला चौकोन दाखवला आणि बास बंद केला. आईने बोट ठेवलं. हॉलमध्ये दार वाजलं.

“थांबा रे, आलोच!”

“या सावकाश,” आई म्हणाली. माईक समोरच होता.

खुर्ची सरकली. डॉक्टरांनी हात उचलला, बाईंनी उचलला. दोघांनी श्वासभर वाट बघितली. बाबांचा ठोका उशिराच पडला, आणि तिघं एकदम खाली आले.

भाच्याने चेन लावली.

तुकडा संपला की पुन्हा दार वाजायचं, पुन्हा “आलोच!”, आणि दोघं निमूट थांबायचे. तिसऱ्या खेपेपासून सगळा हॉल म्हणू लागला, “या सावकाश!” खालच्या मजल्यावरचे आजोबा सगळ्यांत मोठ्याने. तीन मिनिटांचं गाणं किती वेळ चाललं, कुणी पाहिलं नाही. लेकीनेही नाही. तिच्या हातावर घड्याळ होतं, पण त्या वेळी तिला ते नीट दिसत नव्हतं.

बाहेर येऊन सगळे थांब्याशी पोचले, तर बस त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली. अगदी वेळेवर!

डॉक्टरांनी लेकीकडे तिरकं बघत गिटार खांद्यावरून उतरवली. “एवढी माणसं धावत येताना दिसतात, पण दोन मिनिटं थांबेल तर शपथ! कोण शहाणं बसवतं हो ही वेळापत्रकं?”

लेक थांब्यावरचा फलक नव्याने बघितल्यासारखा वाचू लागली.

“माझ्या ओळखीची आहे,” आई बाकावर टेकत म्हणाली. सॅम्पलर तिने मांडीवर घेतला होता. “पोरगी चांगली आहे. जरा घाई करते, एवढंच.”