गुडघ्याचं मलम

"मलमाला घाई चालत नाही गं. आधी थंड बशीवर थेंब टाकायचा, मग बोलायचं." बारा वर्षांपूर्वी सासूबाईंनी नव्या सुनेला सांगितलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य सुनेच्या मनात घर करून राहिलं. दुसरं मात्र कधीच निसटून गेलं.

आज शेवटची डबी तळाला गेली. सासूबाईंनी दोन वर्षांत नवं मलम केलंच नव्हतं, आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला ते चोळल्याशिवाय सुनेची संध्याकाळ सरत नसे.

"मी करते," ती म्हणाली.

"राहू दे. तुला जमायचं नाही."

झालं! सुनेनं कंबर कसली.

तिनं तेलात घातलेल्या झेंडूच्या पाकळ्यांनी पुढचे पंधरा दिवस खिडकीत ऊन खाऊन आपलं सोनं तेलाला देऊन टाकलं. मग तिनं तेल गाळलं, उकळत्या पाण्यात भांडं धरलं, मेण विरघळवलं. पाहते तर पाण्यासारखं पातळ! आणखी मेण घातलं. तरी पातळच. आणखी घातलं. डब्या भरल्या, आणि तासाभरात त्यांचे दगड झाले.

नवऱ्यानं एक डबी ठोकून पाहिली. "खिळा मारायला बरी आहे. अगं, आईला विचार ना."

"जीव गेला तरी विचारणार नाही!"

दगड पुन्हा वितळवले, तेल ओतलं. पुन्हा पातळ. आता मेण संपलेलं. मग ड्रॉवरमधल्या लाल मेणबत्त्या कामी आल्या.

"वाती काढल्यास ना?"

"काढतेय!"

डब्या भरल्या, कप भरले, साबणाची डबी भरली.

"माझा दाढीचा मगसुद्धा?"

"आईंच्या गुडघ्यापेक्षा तुमची दाढी मोठी का?"

एवढ्यात पातेल्यातलं पाणी उसळलं आणि आतलं भांडं कलंडायला लागलं. "अगं बाई!" ती किंचाळली.

आतल्या खोलीतून सासूबाई चार ढांगांत आल्या. गॅस बंद केला, भांडं सावरलं, थंड बशीवर थेंब टाकला. थेंब लोण्यासारखा मऊ बसला.

"गरम असताना पातळच दिसणार! सांगितलं होतं ना?"

दोघंही त्यांच्या पायांकडे पाहत होते. सासूबाई घाईघाईनं लंगडू लागल्या.

"आई," मुलगा म्हणाला, "दुखरा डावा ना?"

लंगडणारा उजवा पाय जागीच थबकला. सासूबाई खुर्चीत टेकल्या, पदराशी चाळा करत राहिल्या.

"दोन वर्षं झाली, थांबलाय दुखायचा," त्या हळूच म्हणाल्या. "पण सांगितलं असतं, तर रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसली असतीस का गं?"