क्षेत्राप्रमाणे कॉम्प्युटर

कोनाळवाडीच्या पाणीपुरवठा संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा चेअरमन आप्पासाहेबांनी त्याच्यासमोर नारळ फोडायला हात उचलला आणि तासगावहून आलेले सर आडवे पडले. "एक थेंब आत गेला तरी मशीन संपलं!" मग नारळ बाहेर पायरीवर फुटला. उभा जन्म पाण्यासाठी भांडणाऱ्या गावात पाणी न चालणारी वस्तू आली, म्हणून लोकांनी गप हात जोडले.

सत्त्याण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता. चौदा डिसेंबरला सांगलीत कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटची परीक्षा होती. बावीस फॉर्म भरले तरच गावाला वर्ग मिळणार होता. एकवीस फॉर्म बागायतदारांच्या पोरांचे झाले. एक कमी पडला, म्हणून रंगूबाईच्या अक्षताला घेतलं. यात मेहरबानी नव्हती, बेरीज होती.

त्या एकवीस पोरांना सर्टिफिकेट कशाला हवं होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. अक्षताला माहीत होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला कळवलं होतं, की सर्टिफिकेट घेऊन दोन फेब्रुवारीला स्टोअरमध्ये हजर व्हा. नाही जमलं, तर त्याच फेब्रुवारीत आईशेजारी बेदाण्याच्या शेडवर बसायचं आणि बेदाण्याच्या काड्या निवडायच्या. त्या काड्या रंगूबाई वीस वर्षं निवडत होती. अजून संपल्या नव्हत्या.

सर फक्त रविवारी येत. दोन तास शिकवत आणि जाताना दम देत, "रोज तासभर हात चालला पाहिजे. कुणी कधी बसायचं, ते वेळापत्रक तुम्ही ठरवा."

कॉम्प्युटर एक, माणसं बावीस. दुसऱ्या गावानं चिठ्ठ्या टाकल्या असत्या. कोनाळवाडीनं जोतिबा तात्याला बोलावलं.

जोतिबा तात्या संस्थेचा पाटकरी. कुणाच्या रानात किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे तीस वर्षं तोच ठरवत होता. त्याच्या पाळीपत्रकावरून गावात सहा डोकी फुटली होती, पण पत्रकात मिनिटाची चूक कधी निघाली नव्हती. तात्यानं चष्मा लावला, वही उघडली आणि पहिल्याच पोराला विचारलं, "क्षेत्र किती?"

"कशाचं क्षेत्र, तात्या?"

"बागायत रं! क्षेत्र कळल्याबिगर बारी कशी बसवू?"

हसू नका. सभेत एकही माणूस हसला नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दहा तास. एकूण बागायत साठ एकर. एकराला दहा मिनिटं. आप्पासाहेबांचं पंधरा एकर, म्हणून त्यांच्या वीरधवलला अडीच तास. त्याखालोखाल बाळासोचं तेरा एकर, त्याच्या पोराला दोन तास दहा मिनिटं. बाळासो आप्पासाहेबांचा चुलतभाऊ. दोघांत एका बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

शेवटी अक्षता उठली. "तात्या, माझं?"

"सातबारा आणलाईस?"

"आमाला रान न्हाई, तुमाला ठावं हाय की."

"मग बारी कशावर धरू?"

"डोस्क्यावर धरा. डोस्क्याला सातबारा लागतो व्हय?"

तात्या विरघळला नाही, कारण तात्या वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस लाजतो तरी. तात्या नियमाचा माणूस होता. त्यानं बाविसाव्या नंबरापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'क्षेत्र निरंक, वेळ निरंक.' आणि वर म्हणाला, "दारात बसून बघायला कुणाची ना न्हाई, पोरी."

ती बसली. रोज आठ वाजता वही घेऊन संस्थेच्या उंबऱ्याबाहेर बसायला लागली.

आत मात्र अभ्यासाचं वेगळंच झालं. पहिल्या दिवशी वीरधवल आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिला. पाच मिनिटांनी पडदा आपोआप काळा झाला आणि आतून पांढरे ठिपके अंगावर धावून यायला लागले. वीरधवल खुर्चीसकट मागं सरकला.

"आप्पा! आवं आप्पा! आभाळ पळतंय!"

अर्ध्या तासात निम्मं गाव संस्थेत. म्हातारी माणसं टोप्या काढून उभी. आपण तारे बघतोय की ताऱ्यांतून चाललोय, यावर पुढं आठवडाभर पारावर वाद झाला. तेवढ्यात एकाचा धक्का टेबलाला लागला, तसा माऊस हलला आणि आभाळ गेलं. त्याला लोकांनी दंड धरून बाहेर काढला. त्या दिवसापासून गावाचा अलिखित नियम झाला, की मशीनला हात लावायचा नाही. हात लावला की आभाळ जातं.

एवढ्या आदरात अभ्यास कुठून होणार?

कोंडी फोडली ती बाळासोनं. आप्पासाहेबांच्या बारीपाठोपाठ त्याच्या पोराची बारी, त्यामुळे त्याचा डोळा तिथंच. चौथ्या दिवशी तो तात्याला घेऊन आला.

"तात्या, ह्यो वीरधवल नुसता बसलाय. पाणी वढ्याला सोडलं तर तुमी काय करता?"

"बारी बंद करतो, पुढच्याला देतो."

"मग ही बारी वढ्यालाच चाललीया. द्या माझ्या पोराला."

तात्यानं वहीत बघितलं. नियम खरा होता. त्यानं आप्पासाहेबांना निरोप धाडला, की उद्यापासून बारीत हात हलता दिसला पाहिजे, नाहीतर पाणी पुढं जाईल. तो पाणीच म्हणाला.

आप्पासाहेबांची पंचाईत झाली. वीरधवल कळफलकाला बोट लावेना. एकदा लावलं होतं, तर मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. शिवाय द्राक्षांवर फवारणी सुरू झालेली, पोरगं रानात हवं होतं. पण अडीच तास बाळासोच्या घशात घालायचे? त्यापेक्षा बाग जळाली तरी चालेल. पाणी पाजायला गडी लावतात, तसा इथंही लावावा, असं त्यांच्या मनात आलं. आणि उंबऱ्यावर अक्षता होतीच.

"अगं पोरी, तुला येतंय का ते बडवायला?"

"शिकाय मिळालं तर यील."

"मग बस आमच्या बारीत. हात थांबाय नगं बघ. त्या बाळास्याला टकटक आईकू गेली पायजे."

ती आत गेली. तात्यानं वहीत नोंद केली, 'आप्पासाहेब, मार्फत अक्षता.'

पहिल्या दिवशी एक बोट चाललं, चौथ्या दिवशी चार, दहाव्या दिवशी दहा. खिडकीबाहेर उभं राहून ती टकटक ऐकणारा बाळासो पंधरवड्यात हैराण झाला. त्याचं पोरगं एका बोटानं टिच... टिच... करायचं, म्हणजे गळक्या नळाखाली घागर ठेवल्यासारखं. एका सकाळी तो रंगूबाईच्या दारात उभा राहिला. दारात म्हणजे दारापासून दहा हात लांब, रस्त्यावर. तिथं थांबायची त्याच्या घराण्याची जुनी सवय.

"रंगू, पोरीला सांग, आमच्याबी बारीत बसायचं. आणि त्याच्यापरीस जास्त बडवायचं."

मग बाकीचे कशाला मागं राहतील? फवारणीच्या दिवसांत कुणालाच पोरगं रिकामं बसवणं परवडत नव्हतं, आणि बारी सोडणं तर कुणाच्या बापालाही जमलं नसतं. नोव्हेंबर संपता संपता साठच्या साठ एकरांवर एकटी अक्षता बसत होती. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. जिच्यापुढं निरंक लिहिलं होतं, तिला रोजचे दहा तास मिळाले, आणि तेही जबरदस्तीनं. ती पाणी प्यायला उठली तरी कुणीतरी खेकसायचं, "आमची तीन मिंटं गेली!"

त्यात मालकांना पीक दिसायला हवं होतं. आप्पासाहेबांनी छापील कागद मागितले आणि सोप्यात खिळ्याला टांगले. बाळासोनं ते लांबून मोजले.

"त्याच्या बारीत बारा कागद आनि माझ्या बारीत सातच? का गं?"

"त्यांच्यात पत्रं होती, बाळासो. तुमच्यात तक्ता हाय, बेरजा हायत. अवघड असतंय."

"अवघड व्हय?" बाळासो खूश. "मग माझ्यात अवघडच कर."

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनीही अवघड मागितलं. भाऊबंदकीच्या जोरावर अभ्यासक्रमाचे बाराही धडे तीनदा झाले. सर रविवारी आले, तिचा हात बघितला आणि खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, "आता तूच मला एक सांग."

चौदा डिसेंबरला सगळे बावीस जण दोन ट्रॅक्स जीप भरून सांगलीला गेले. परीक्षेच्या खोलीत प्रत्येकापुढं एकेक कॉम्प्युटर होता, आणि मार्फत बसायची सोय नव्हती. एकवीस जणांनी हात गुडघ्यांवर ठेवले. पाच मिनिटांत एकवीस पडद्यांवर आभाळ पळायला लागलं. वीरधवलनं घरी येऊन सांगितलं, की इतकं आभाळ त्यानं एका जागी कधी बघितलं नव्हतं. ते मात्र खरं असणार.

जानेवारीच्या अखेरीस निकाल आला. अक्षताला चौऱ्याऐंशी मार्क. बाकीच्यांचं बोलायला नको.

सर्टिफिकेट पोस्टानं संस्थेच्या पत्त्यावर आलं. आप्पासाहेबांनी ते कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि सभा बोलावली. दोन फेब्रुवारीला तीन दिवस उरले होते.

"वहीत बघा," आप्पासाहेब म्हणाले. "हिची सोताची बारी एक मिनिट न्हाई. आमच्या बारीत पिकलंय. वाटेकऱ्याला निम्मं मिळतंय, निम्मं मालकाचं. आमची नावं त्येच्यावर आली पायजेत."

"पयलं नाव माझं," बाळासो उठला. "अवघड समदं माझ्यात केलंय तिनं!" अकरा वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका बाजूनं बोलत होते. कशासाठी, तर एका पोरीचा कागद दाबून ठेवण्यासाठी. एकी व्हायला आपल्याला असली कारणं बरी सापडतात!

रंगूबाई दारात उभी होती, पदर तोंडात धरून. अक्षताही उभी होती. तिनं हात पाठीमागं बांधले.

"आप्पासाहेब, निम्मं कशाला? समदंच वाटू या. क्षेत्राप्रमाणं. पर वाटणी मशीनवर करायची, म्हंजी कुणावर अन्याव नगं."

मशीनवर म्हटल्यावर सभा सावरून बसली. अक्षता खुर्चीत बसली. तिनं एकवीस नावं मारली, पुढं एकर मारले, वर चौऱ्याऐंशी मार्क टाकले. बोटं दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. म्हातारी माणसं नकळत उभी राहिली. मग तिनं एकच कळ दाबली आणि तक्ता वरपासून खालपर्यंत आपोआप भरत गेला, जसं पाटातलं पाणी एकामागून एक वाफे धरतं तसा. कुणीतरी "आयला!" म्हणालं, आणि त्याला कुणी दटावलं नाही.

"वाचून दाखव," तात्या हलक्या आवाजात म्हणाला.

"आप्पासाहेब, पंधरा एकर, एकवीस मार्क. बाळासो, तेरा एकर, अठरा मार्क. बाकीच्यांचं त्येच्याखाली. पासाला लागत्यात चाळीस." तिनं पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. "हितं मशीन काय म्हणतंय बघा. ह्यो नापास, ह्यो नापास, ह्योबी नापास. एकवीसच्या एकवीस नापास. आनि मला शून्य. वाटणी केली की गावात एकबी पास न्हाई."

सभा गार पडली. अक्षता म्हणाली असती तर तिला उडवून लावली असती. पण हे मशीन म्हणत होतं. वीरधवलला आपण एकदा नापास झाल्याचं दुःख होतंच. आता तो बापासकट दुसऱ्यांदा नापास झाला.

जोतिबा तात्यानं चष्मा काढून पुसला. "आप्पासाहेब, तुकडं पाडाय येत न्हाई ह्येचं. एकरकमीच ऱ्हायला पायजे. द्या पोरीला."

"पर तात्या, नियम..."

"नियमच सांगतोय. तीस वर्षं झाली, असलं पाणी म्या बघितलं न्हाई. समद्या गावाचं एका सरीत गेलं आनि एक थेंब वाया न्हाई." आणि तात्यानं, ज्यानं तिच्यापुढं निरंक लिहिलं होतं त्यानं, तिला हात जोडले.

कुलूप उघडलं. दोन फेब्रुवारीला अक्षता पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला गेली आणि आठच्या ठोक्याला स्टोअरमध्ये हजर झाली.

फेब्रुवारीतच पुढच्या परीक्षेचे फॉर्म आले. रविवारी सकाळी आप्पासाहेब रंगूबाईकडं निघाले, तर वाटेत बाळासो भेटला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, चाल वाढवली आणि एकदमच दारात पोचले. आज कुणीही दहा हात लांब थांबलं नाही, कारण लांब थांबणारा मागं राहिला असता.

"रंगूबाई," आप्पासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा तिच्या नावापुढं बाई लावलं, "तुमची धाकटी, स्वप्ना, मोकळी हाय का?"

"माझ्या बारीसाठी इचारतोय मी," बाळासो मधेच म्हणाला.

"आत या की. बसा," रंगूबाई म्हणाली. "पर बोलू नका. पोरगी वाचतीया."

दोघं आत येऊन घोंगडीवर बसले. कोपऱ्यात अकरावीतली स्वप्ना बहिणीची वही उघडून वाचत होती. तिनं मान वर केली नाही. रंगूबाईनं दोन कप चहा आणून पुढं ठेवला. त्या घरचं पाणीसुद्धा दोघांच्या सात पिढ्यांनी घेतलं नव्हतं. आप्पासाहेबांनी कपाकडं बघितलं. बाळासोनं कपाकडं बघितलं. मग बाळासोचा हात जरासा हलला.

आप्पासाहेबांनी झडप घातली आणि कढत चहा एका घोटात पिऊन टाकला.