तुमच्याकडे लाइन हाय काय?

रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला गुलाबभाऊ आमच्या फाटकाशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, "बाई, तुमच्याकडे लाइन हाय काय?"

त्यांच्या डोक्यावर आमच्या फाटकाचा दिवा ढणढण जळत असतो. आत आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज सेलूच्या बसस्टॉपपर्यंत जाईल इतका वाढवलेला असतो. तरी गुलाबभाऊ विचारतात आणि मी उत्तर देते, "आहे हो. तुमची गेली का?"

"गेली ना बाप्पा."

"मग या, बसा. चहा टाकते."

माझी नात एकदा व्हिडिओ कॉलवर हे ऐकत होती. म्हणाली, "आजी, हे आजोबा तुझ्यावर लाइन मारतात!" मी म्हटलं, "अगं, त्या प्रकरणाला चाळीस वर्षं झाली." ती अजून तो विषय सोडत नाही.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे वीज जात नाही, लाइटही जात नाही. आमच्याकडे लाइन जाते. त्यात गुलाबभाऊंनी अख्खी नोकरी लाइनमन म्हणून केलेली, त्यामुळे त्यांच्या तोंडी जगातली निम्मी कामं या एका शब्दावर भागतात. रेशनच्या दुकानापुढे लागते ती लाइन. कपाशीत मधे तूर पेरतात तीही लाइन. कुणाचा मुलगा नोकरीला लागला की तो "चांगल्या लाइनीत गेला", आणि कुणी दारू सोडली की "आता लाइनीवर आला". स्वतःचा तळहात उघडून म्हणतील, "पाहा बाई, आयुष्याची लाइन तं लंबी हाय, पण मधात एक जॉइंट दिसून राह्यला."

मी लग्न होऊन नागपूरहून सेलूला आले तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, इथल्या शाळेत नोकरी लागली होती आणि माझं नाक इतकं वर होतं की पावसाळ्यात त्यात पाणी जावं. पहिल्याच आठवड्यात वीज गेली. शेजारचा हा पोरसवदा लाइनमन फाटकाशी येऊन म्हणाला, "बाई, लाइन गेली. घंटाभरात येईन."

मी म्हटलं, "लाइन म्हणजे रेष. तुम्हाला लाइट म्हणायचं आहे."

त्याने डोकं खाजवलं. "कसं हाय बाई, लाइट असते बल्बात. लाइन असते तारेत. बल्ब फुटला तं लाइट जाते, लाइन थोडीच जाते?"

मी तोऱ्यात घरात गेले आणि मेणबत्तीच्या उजेडात शब्दकोश उघडला. लाइन या शब्दाखाली दीड पान अर्थ होते. ते पान मी पुढे नोकरीभर वर्गातल्या मुलांना दाखवलं, पण गुलाबभाऊंना कधी दाखवलं नाही.

आता ते चाळीस वर्षांपूर्वीचं प्रकरण. आमची मागची खोली नवी बांधली होती, तिथे वीज नव्हती. आमचे हे पोस्टात, दिवसभर बाहेर. एका सकाळी गुलाबभाऊ कुंपणावरून म्हणाले, "बाई, दुपारी घरीच असान ना? पोस्टमास्तर नसले तरी चालन. मी येतो अन् लाइन मारून देतो."

माझे कान तापले. नागपूरच्या कॉलेजात लाइन मारणे या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो मला पक्का ठाऊक होता. निदान माझ्या मैत्रिणींना होता. माझ्यावर कुणी मारल्याची नोंद नाही. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सासूबाईंना पुढच्या खोलीत बसवलं, शेजारच्या दोघींना पापड लाटायच्या निमित्ताने बोलावलं आणि स्वतः लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिले.

दुपारी गुलाबभाऊ आले. खांद्यावर शिडी, गळ्यात तारेचं भेंडोळं. मागे त्यांची बायको वेणू, हातात खिळ्यांचा डबा. दोघं नमस्कार करून मागच्या खोलीत गेले, तासाभरात तार ठोकली, बल्ब लावला आणि चहा पिऊन निघाले. जाताना वेणूने माझ्या हातातल्या लाटण्याकडे पाहिलं, पापडाचं पीठ नसलेल्या पोळपाटाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती जी हसत सुटली ती पायरीवरच बसली.

"बाई," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "याची खरी लाइन कशी असते ते मले इचारा. हिंगणीले माह्या माहेरची लाइन हप्त्यातून तीनदा जाये. अख्ख्या गावात हाय, आमच्याच घरी नाई. मंग हा सायकलनं येये, खांबावर चढे, लाइन देये, माह्या बापाच्या हातचा चहा पेये. बाप म्हणे, पोरगा लय कामाचा हाय. लग्न झाल्यावर यानं कबूल केलं का फ्यूज हाच काढून नेत जाये."

गुलाबभाऊ शिडीआड तोंड लपवून म्हणाले, "फॉल्ट असल्याशिवाय लाइनमनले कोन बलावते?"

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

तेव्हा लाइन गेली की आमची गल्ली जागी व्हायची. घरात उकाडा, म्हणून सगळे ओट्यांवर. कुणी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांचं पातेलं आणायचं, कुणी सुपाने वारा घ्यायचं. भांडणं मिटायची, सोयरिकी जुळायच्या. कोपऱ्यावरच्या खांबावर गुलाबभाऊ चढलेले आणि खाली सगळी गल्ली माना वर करून. ते वरून ओरडायचे, "आली काऽऽय?" खालून पन्नास तोंडं, "नाऽऽई!" पुन्हा खटपट. "आता?" आणि दिवे लागले की मुलं अशी किंचाळायची जणू गुलाबभाऊंनी चंद्र ओढून आणला. मग ज्याला त्याला आपापली भाजी आठवायची, आणि ओटे रिकामे. खरं सांगू? लाइन आली की मला थोडं वाईटच वाटायचं. पण मी बी.ए. होते, बोलायची नाही.

कधी येणार असं कुणी विचारलं की गुलाबभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "लाइन हाय ते, माणूस नाई. गेली तं येतेच."

पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले. आता लाइन गेली की भिंतीवरचं यंत्र टुक् करतं, इतकंच. कुणी उठत नाही. गुलाबभाऊ निवृत्त झाले. त्यांचा मुलगा मंगेश पुण्याला कॉम्प्युटरच्या लाइनीत गेला. तो सुट्टीवर आला तरी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन "डेडलाइन आहे, डेडलाइन आहे" करत असायचा. गुलाबभाऊंना काही उमगेना. "बाई, डेड लाइन म्हणजे बंद केलेली लाइन. तिच्यावर बिनधास्त हात ठेवा. हा पोट्टा तिलेच काऊन भेते?"

चार वर्षांपूर्वी वेणू आजारी पडली. वर्ध्याच्या दवाखान्यात मी सोबत होते. तिचे हात काडीसारखे झाले होते. नर्स टिचक्या मारून शीर शोधत होती. शेवटी दुसरीला म्हणाली, "लाइन मिळत नाहीये गं."

गुलाबभाऊ स्टुलावरून उठले. "सिस्टर, मी पाहू काय? मी लाइनमन हाय."

ती मुलगी हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

वेणूच्या तेरवीला ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, जलमभर लोकायले सांगत राह्यलो, लाइन हाय, माणूस नाई, गेली तं येतेच. काय बोलून राह्यलो, ते कवा ध्यानातच नाई घेतलं."

मंगेशने त्यांना पुण्याला नेलं. पंधरा दिवसांत परत. चौदावा मजला, दार लावलं की बाहेरचं जग बंद. "तिथं लाइन जातच नाई बाई," ते मला एखाद्या रोगाबद्दल सांगावं तसं म्हणाले. "कोनी बाहेरच निघत नाई." बिचाऱ्या मंगेशने मग दिवाळीत सेलूच्या घरी मोठा इन्व्हर्टर बसवून दिला. म्हाताऱ्याला अंधारात बसायला नको.

आणि नेमकं तेव्हापासून गुलाबभाऊंची लाइन रोज सातला जायला लागली.

मला यात वावगं वाटायला हवं होतं. पण मी रोज चहा टाकत राहिले. मागच्या महिन्यात मंगेशचा फोन आला. "काकू, बाबा म्हणतात रोज लाइन जाते. मी मोबाइलवर तपासलं, सेलूत कुठेच बंद नसते. आणि इन्व्हर्टर नवाकोरा आहे. बाबांना... काही समजेनासं झालंय का? तसं असेल तर त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. मी या रविवारी येऊन घेऊनच जातो. तुम्ही तेवढं एकदा बघता?"

त्या संध्याकाळी गुलाबभाऊ ओट्यावर चहा फुंकत बसले होते. मी म्हटलं, "तुमच्या अंगणातला कढीपत्ता आणते," आणि त्यांच्या घरात शिरले. अंधार होता. मोबाइलचा उजेड पाडला. घर लख्ख, भांडी पालथी, वेणूच्या फोटोला ताजं फूल. इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा सोडवून, टोकांना टेप गुंडाळून, नीट बाजूला ठेवलेल्या. असं काम भ्रम झालेल्या माणसाचं नसतं. मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला. आणि त्या दांड्याला, गुलाबभाऊ नोकरीत खांबावर चढण्याआधी खाली लावायचे ती पत्र्याची लाल पाटी अडकवलेली. दुसऱ्या कुणी चुकून स्विच चढवू नये म्हणून असते ती.

"माणसे काम करीत आहेत. लाइन चालू करू नये."

मी दांड्याला हात लावला नाही. कढीपत्ता तोडायचाही विसरले. परत आल्यावर गुलाबभाऊंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि चहात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशला फोन लावला. "बाबा ठणठणीत आहेत. लाइन खरंच जाते. मी डोळ्यांनी पाहिलं."

"पण काकू, मोबाइलवर तर..."

"मोबाइलला काय कळतं? फॉल्ट आमच्या गल्लीतला आहे, जुना आहे. मी बघते आहे. रविवारी ये, पण त्यांना न्यायला नको, भेटायला ये. अन् तो कॉम्प्युटर घरी ठेवून येजो."

त्या संध्याकाळी सातला पाच कमी असताना मी स्टुलावर चढले आणि आमचा मेन स्विच खाली ओढला. आमचा इन्व्हर्टर टुक् करून उठला, त्याचंही बटण दाबून तोंड बंद केलं.

आतून आरोळी आली, "अवो! लाइन गेली काय? शेवटची ओव्हर होती ना!"

"गेली!" मी म्हटलं. "बाहेर या. खुर्ची आणा आपली."

हे भिंत चाचपत, कुरकुरत ओट्यावर आले. मी दुपारीच उकडून ठेवलेल्या शेंगांचं पातेलं मधे ठेवलं. गुलाबभाऊ फाटकाशी आले. नेहमीसारखं तोंड उघडलं, वर पाहिलं, तर डोक्यावर दिवाच नाही. त्यांनी वळून गल्लीकडे पाहिलं. समोरची घरं, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे झगझगाट. लाइनमन माणूस तो. एका नजरेत सगळी गल्ली तपासली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचीबी गेली?"

"गेली ना बाप्पा."

ते आत आले, फाटक लावलं आणि पायरीवर बसले. एक शेंग सोलली. दाणे तळहातावर मोजले.

"गुलाबभाऊ," आमचे हे वैतागून म्हणाले, "कवा येईन हो लाइन?"

गुलाबभाऊंनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिलं.

"आता सांगता नाई येत, पोस्टमास्तर. माणसं काम करून राह्यले."