वेंकूबाई आडवी गेली

मांजरीच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला निघालेल्या नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, याचं नागलक्ष्मीला आश्चर्य वाटलं नाही. ती फक्त म्हणाली, "माझ्या गुडघ्याचा रिपोर्ट आणायला लेकाला, मुरलीला पाठवलंत. तेही तो मद्रासहून सुट्टीला आल्यावर."

"गुडघा बदलता येतो," चिदंबरराव म्हणाले. "मांजराचं मूत्रपिंड बदलता येत नाही."

"बायकोही बदलता येत नाही. या वयात."

चिदंबररावांनी तंजावूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर ते ज्याला 'सामाजिक उपयोजन' म्हणत ते चालवलं होतं. रोटरीत, शाळांत, लग्नाच्या पंगतीत, जिथे कोणी राहुकाळाचं नाव काढील तिथे ते कार्यकारणभाव समजावून सांगत. घरी मात्र त्यांना समजावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. घरात नागलक्ष्मी होती, तिच्यापुढे ते फार बोलत नसत. आणि वेंकूबाई होती, ती बहिरी झाली होती.

वेंकूबाई ही मांजर. तरुणपणी ती काळीभोर होती; आता उन्हात पाहिलं तर जुन्या छत्रीसारखी तांबूस दिसे. मागचा एक पाय ती जरा विचार करून टाकी. सकाळी पेपर येताच ती त्याच्या उजव्या अर्ध्या भागावर बसे आणि चिदंबरराव डावा अर्धा वाचत. संपादकीय उजवीकडे असलं तर त्या दिवशी देशाबद्दल त्यांचं मत बनत नसे. तिला वारं सोसत नाही म्हणून ऐन मे महिन्यात त्या घरातला पंखा एकवर फिरे. दुपारी दहीभात तिघांचा एकदम कालवला जाई, वेंकूबाईचा बिनमिठाचा. कोणाचीच तक्रार नव्हती. गेले काही दिवस मात्र ती पाणी फार पीत होती आणि भात तसाच ठेवत होती, आणि त्या सकाळी डॉक्टरांचा फोन आला होता: "रिपोर्ट आलाय सार. फोनवर नको, समोर बोलू."

'समोर बोलू' या दोन शब्दांतून कोणताही निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, हे चिदंबररावांनी मोपेड बाहेर काढता काढता स्वतःला दोनदा सांगितलं.

मेलवीधीच्या मागची ती गल्ली एका टोकाला बंद होती. दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्याला लागण्याच्या जरा आधी, एका बाजूला त्यांचं घर होतं आणि समोर वरलक्ष्मीचं. वरलक्ष्मीच्या दारच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, सकाळचं ऊन येई, आणि ते आलं की वेंकूबाई आपल्या पायरीवरून उतरून रस्ता ओलांडून तिथे झोपायला जाई. गल्लीतल्या सगळ्यांची कामाला निघायची तीच वेळ. तरुणपणी ती भुर्रकन पलीकडे जाई, तेव्हा पाहणाऱ्याला 'आपण पाहिलंच नाही' असं म्हणता येत असे. आता ओलांडायला तिला इतका वेळ लागे की तो दिलासा कोणालाच उरला नव्हता.

या प्रकाराकडे चिदंबरराव एक प्रयोग म्हणून पाहत. पूर्वी मांजर आडवी गेली की लोक घरी परतत, बसत, पाणी पीत आणि मग निघत. ते हे पाहून मुद्दाम पुढे होत आणि मांजरीनं नुकत्याच ओलांडलेल्या रेषेवरून सगळ्यांदेखत मोपेड नेत. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की आता कोणी परतत नाही. त्यांच्या मागोमाग सगळे निमूट निघतात. रोटरीतल्या भाषणात त्यांनी हे सांगितलं होतं. 'उदाहरणानं होणारा वर्तनबदल' हे शब्द त्यांनी तेव्हा वापरले होते, आणि टाळ्या झाल्या होत्या.

आज त्यांनी मोपेड सुरू केली, आणि वेंकूबाई पायरी उतरली.

ती पुढच्या चाकासमोरून गेली. मध्यावर थांबली, मागच्या पायाचा विचार केला, पलीकडे पोचली. चिदंबररावांचा हात ॲक्सिलरेटरवर होता. प्रयोगशाळेत रिपोर्ट कालच तयार झाला होता. आज रस्त्यात काय घडतं याचा कालच्या रक्तावर परिणाम होणं भौतिकदृष्ट्या अशक्य होतं. शिवाय मांजराचा अपशकुन त्याच मांजराला लागतो की नाही, याबद्दल परंपरेतही काही सांगितलेलं त्यांना आठवेना. हा सगळा युक्तिवाद त्यांना पूर्णपणे पटला. मग त्यांनी मोपेड बंद केली, स्टँडवर लावली आणि ते घरात गेले.

"काय विसरलात?" नागलक्ष्मीनं विचारलं.

"चष्मा."

"नाकावर आहे."

"हो," ते म्हणाले. ते खुर्चीवर बसले. "पाणी दे जरा. ऊन आहे."

नागलक्ष्मीनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, आणि पाण्यानं भरलेला सोंबू, म्हणजे तांब्या, आणून हातात दिला. ते तिच्याकडे न बघता प्यायले.

पण या विधीत एक दोष होता. चिदंबरराव घरात गेले की काहीतरी खायला मिळतं, हे वेंकूबाईचं आयुष्यभराचं निरीक्षण होतं. ते आत गेलेले पाहून ती तिण्णैवरून उतरली आणि परत पायरीवर येऊन बसली. ते रिकाम्या हातांनी बाहेर पडून मोपेडवर बसले, तशी तिची निराशा झाली आणि ती पुन्हा उन्हाकडे निघाली. आडवी.

एखाद्या यंत्रणेचं उत्तरच तिचा पुढचा प्रश्न बनलं तर ती यंत्रणा स्थिर होत नाही, हे त्यांनी कित्येक पिढ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्यांनी मोपेडचा आरसा नीट केला. मग तो पुन्हा बिघडवून पुन्हा नीट केला. आरशात त्यांना मागचा रस्ता दिसला.

मागे शांभवी स्कूटरवर बसून होती. ती बँकेत होती आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. तिच्यामागे शाळेच्या मुलांनी भरलेली ऑटो. ऑटोच्या बाजूला, देवळात न्यायची फुलांची परडी घेऊन, वरलक्ष्मी.

"जा शांभवी, पुढे जा," चिदंबरराव म्हणाले. "मला वेळ आहे."

"नक्को सार. तुम्ही जा."

"अगं, मी जरा आरसा बघतोय."

"बघा की सार. आम्ही थांबतों."

ऑटोवाल्यानं तमिळमधून विचारलं, सारची गाडी बिघडली का, ढकलू का. ढकलण्याबद्दल तो फारच उत्सुक दिसला.

"गाडी ठीक आहे. तुम्ही सगळे कसाला थांबलात? पुढे रस्ता मोकळा आहे."

ऑटोतल्या एका मुलीनं पेपर आहे, उशीर झाला, असं रडवेल्या आवाजात सांगितलं. शेवटी शांभवीनं हेल्मेट काढलं आणि ती स्कूटरवरून उतरून उभी राहिली. अवघड उत्तर द्यायचं असलं की वर्गातही ती अशीच उभी राहत असे.

"सार, मांजर गेलीय ना. तुम्ही गेल्याशिवाय आम्ही कसं जाणार? रोज तुम्हीच पहिले जाता."

"रोज?"

"आमचे अप्पा लहानपणापासून सांगतात, चिदंबर सार निघाल्यावर निघ. जो पहिला जातो त्याच्यावर सगळं जातं. सारना काही लागत नाही, ते मानत नाहीत."

"तुम्ही वेंकूबाईला माझ्याकडे ठेवून मुरलीकडे महिनाभर गेला होता ना मद्रासला," वरलक्ष्मी म्हणाली, "तेव्हा गल्लीचे फार हाल झाले. मग मागच्या घरांतली माणसं रोज दारातच थांबायची. शेवटी कुरिअरवाल्याला हाक मारायचों. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं."

चिदंबरराव आरशात बघत राहिले. त्यांच्या प्रयोगातली सगळी निरीक्षणं बरोबर होती. लोक थांबत, ते जात, लोक मागोमाग जात. त्यांनी फक्त उपकरण ओळखलं नव्हतं. उपकरण ते स्वतः होते. रोटरीतल्या टाळ्यांत या गल्लीतलेही हात होते, हे त्यांना आता आठवलं. ते हात तेव्हा फार मनापासून वाजले होते.

"मग आज काय झालं?" वरलक्ष्मीनं विचारलं.

त्यांनी पुन्हा आरशाला हात घातला. उत्तर दारातून नागलक्ष्मीनं दिलं. "वेंकूबाईचा रिपोर्ट आणायला निघालेत. डॉक्टर समोर बोलतो म्हणाला."

चिदंबररावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागच्या वर्षी वरलक्ष्मीच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट घालायचा होता, त्या सकाळी ती याच जागी मांजर पाहून थांबली होती. तेव्हा याच मोपेडवर बसून त्यांनी तिला योगायोग आणि कारण यांतला फरक समजावला होता. उदाहरणासहित. ती डबा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली होती. नवरा बरा झाला होता, आता तिण्णैवर बसून वेंकूबाईची मान खाजवत होता. पण चिदंबररावांना तो डबाच आठवला.

वरलक्ष्मीनं आता योगायोगाबद्दल काही विचारलं नाही. तिनं परडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"मी जाते पहिली," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही नका. तुम्ही मानता."

"मानते म्हणूनच जाते. न मानणाऱ्यानं जाऊन काय फायदा? अर्धा दिवस माझ्या तिण्णैवर झोपते ती. अर्धी माझीच."

तिनं ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, उजवा पाय पुढे टाकला आणि ती रेषेपलीकडे गेली. मागून ऑटो गेली. शांभवी गेली, जाताना तिनं सवयीनं "येतों सार" म्हटलं आणि नजर टाळली. सगळ्यांत शेवटी, विज्ञानाच्या वतीनं, चिदंबरराव गेले.

डॉक्टरांना समोर एवढ्यासाठीच बोलायचं होतं की मांजराला गोळी कशी द्यायची ते हातानं दाखवल्याशिवाय कळत नाही. त्यांनी ते एका टॉवेलवर दाखवलं. मूत्रपिंडं वयाच्या मानानं बरी आहेत, ते म्हणाले. तुमची माझी असतात तशीच. चिदंबररावांनी टॉवेलला दोनदा गोळी देऊन पाहिली. त्यांना हसावंसं वाटलं, आणि लगेच, आपण नेमके कोणाचे आभार मानतो आहोत हे लक्षात येऊन, वाटेनासं झालं. एका घटनेवरून काहीही सिद्ध होत नाही. ते त्यांनी परतताना रस्ताभर स्वतःला सांगितलं.

दुपारी गल्लीत कोणी नव्हतं. मोपेड दिसताच समोरच्या तिण्णैवरून वेंकूबाई उठली. दहीभाताची वेळ झाली होती. ती उतरली आणि त्यांच्या पुढ्यातून घराकडे निघाली. मध्यावर थांबली. मागच्या पायाचा विचार करू लागली.

चिदंबररावांनी मोपेड बंद केली. आधी मागे पाहिलं, मग दोन्ही बाजूंना.

समोरच्या खिडकीत वरलक्ष्मी पालेभाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"थांबायचं तर थांबा, सार," ती म्हणाली. "मी काही बघत नाही."