आवाज नको, ओठ हलवा!

“डायलॉग नाही म्हणून काय झालं? चेहरा बोलला पाहिजे, चेहरा!” दुकानाचं शटर खाली ओढत चष्मेवाल्यांनी बेकरीवाल्याला ठणकावून सांगितलं. दोघांची दुकानं समोरासमोर, घरं एकाच इमारतीत वर-खाली, आणि आता टीव्हीवरच्या एका ऐतिहासिक मालिकेत मागे उभे राहणारे दरबारी म्हणून दोघांची निवडही एकदमच झाली होती. निवड म्हणजे काय, तर मालिकावाल्यांना पोट सुटलेली दोन माणसं हवी होती! पण चष्मेवाल्यांनी घरी जाऊन जाहीर केलं, “नजरेत भरलो मी त्यांच्या!”

“भरणारच,” बायको म्हणाली, “दारातून आडवं होऊन जावं लागतं तुम्हाला.”

तशी घरात सध्या शांतता होती, आणि त्या शांततेचे शिल्पकार खुद्द चष्मेवालेच होते. त्यांच्याकडे राहणाऱ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी छातीसाठी फुंकायचा व्यायाम सांगितला होता. फुगे फुगवले असते तरी भागलं असतं, पण सासऱ्यांनी आणली क्लॅरिनेट! भल्या पहाटे ते फुंकायला बसत. म्हशीच्या शेपटीवरून गाडीचं चाक जावं तसा आवाज निघे आणि तो सगळ्या इमारतीला ऐकू येई, फक्त सासऱ्यांना सोडून! त्यांचे कान केव्हाच गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं अचूक ओळखत, पण क्लॅरिनेटला कुठे ओठ असतात?

शेवटी एक दिवस क्लॅरिनेट ‘दुरुस्तीला’ गेली. “सुटा भाग यायचाय, बाबा,” चष्मेवाले रोज सांगत. सासरे मान डोलवत आणि रिकामी बोटं गुडघ्यावर नाचवत बसत. “बिचारे बाबा!” म्हणून बायको हळहळे. तिचाही नवऱ्यावर पूर्ण विश्वास होता. चष्मेवाले मात्र सकाळी उन्हं वर येईपर्यंत घोरत होते, आणि खालचा बेकरीवालाही.

शूटिंग एका जुन्या गोदामात होतं. आत पुठ्ठ्याचा दरबार उभा केला होता. रंगभूषा करणारा हातात दाढी घेऊन आला तसे चष्मेवाले दोन पावलं मागे सरकले.

“दाढी नको! तोंड झाकलं तर चेहरा बोलणार कसा?”

“अहो, त्या काळात सगळे दाढी ठेवायचे!”

“माझी मी त्या काळात काढलेली आहे असं समजा!”

ती दाढी मग बेकरीवाल्याला त्याच्या स्वतःच्या दाढीवर चिकटवण्यात आली. राजा मेलाय, राणी रडतेय आणि मागे दरबारी कुजबुजतायत, असा प्रसंग होता. सहायक बाई कर्ण्यातून ओरडल्या, “मागच्यांनी फक्त ओठ हलवायचे, आवाज नको! नंतर वरून संगीत भरणार आहोत. आणि काहीतरी खरंखुरं बोला हं, उगाच तोंड हलवलं की कळतं!”

खरंखुरं! चष्मेवाल्यांच्या पोटात इतके दिवस एकच खरीखुरी गोष्ट उड्या मारत होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. इथे तर आवाजच नाही! त्यांनी डोळे बारीक केले, दाराकडे चोरून पाहिलं आणि बेकरीवाल्याच्या कानाशी सुरुवात केली. बेकरीवाल्याला अक्षर कळत नव्हतं. तो आपला दाढी सांभाळत मान हलवत राहिला.

“कट!” दिग्दर्शक किंचाळला. “तो कोण? तो बिनदाढीचा! काय कारस्थानी चेहरा आहे! कॅमेरा त्याच्यावर घ्या!”

राणी रडायची थांबून रागाने बघायला लागली. पुन्हा शॉट झाला. कॅमेरा पुढे आला, चष्मेवाल्यांनी गोष्ट पुढे सांगितली. कॅमेरा आणखी पुढे आला, गोष्टही आणखी पुढे गेली!

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी पहिलं काम काय केलं, तर सासऱ्यांचे डोळे तपासले. “टीव्हीवर मी बाबांना धूसर दिसता कामा नये!” आणि त्यांनी असा फर्मास चष्मा करून दिला की मुंगीच्या मिशा मोजता याव्यात.

मालिका लागली त्या संध्याकाळी अख्खी इमारत त्यांच्या घरात लोटली. बेकरीवाला बिस्किटं घेऊन आला. सासरे नवा चष्मा लावून पुढच्या खुर्चीत बसले. राजा मेला, राणी रडली, आणि पडदाभर चष्मेवाल्यांचं तोंड! टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरे पुढे झुकले आणि आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात वाचू लागले.

“‘आमचा म्हातारा रोज विचारतो, क्लॅरिनेट कधी येणार...’”

लोक खो खो हसले. चष्मेवाल्यांच्या घशात बिस्किट अडकलं. त्यांनी खांदा हलवून सासऱ्यांना आपल्याकडे वळवलं.

“बाबा, ओठ राहू द्या हो! संगीत ऐका, काय सुंदर दिलंय!”

“मी? संगीत?” म्हणून सासऱ्यांनी त्यांना बाजूला सारलं. “‘...येणार कशी? ती दुरुस्तीला गेलीच नाही!’”

आता कुणी हसलं नाही. बायकोची मान सावकाश वळली. चष्मेवाले टीव्हीच्या बटणाकडे झेपावले.

“अहो! बसा खाली!” बायको कडाडली.

पडद्यावर कॅमेरा जवळ येत होता. ओठ परातीएवढे झाले.

“‘दुकानात... लहान मुलांच्या फ्रेमांमागे... खालच्या खणात. कुलूप लावलंय. किल्ली...’” इतक्यात पुन्हा राणी आली. “अरे, हिला कशाला आणलं मध्येच!” सासरे चिडले. मग सावकाश वळून जावयाकडे बघत म्हणाले, “चष्मा झकास झालाय हं, जावईबापू! पडजीभसुद्धा दिसली. किल्ली कुठाय?”

बायकोने हात पुढे केला. चष्मेवाल्यांनी निमूटपणे खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशीच्या शेपटीवरून पुन्हा चाक गेलं. बुडालेला सराव भरून काढायचा म्हणून सासरे आता संध्याकाळीही बसणार होते. समोर श्रोता म्हणून जावयाने मांडी घालून बसायचं, हा बायकोचा हुकूम! तेवढ्यात बेकरीवाला तारवटलेल्या डोळ्यांनी जिना चढून दारात आला.

“काय हो, इतकं छान चाललं होतं! जरा तोंड आवरता आलं नाही तुम्हाला?”

चष्मेवाल्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, ओठांसमोर हात धरला आणि काकुळतीला येऊन म्हणाले, “अहो, पण मी एक अक्षरसुद्धा बोललो नव्हतो!”