शलमोनकाकांची भिंत

दिवाळीत आमच्या घरी देवाच्या आधी शलमोनकाकांना फराळ मिळतो. चकलीचा पहिला घाणा निघाला की आई आधी त्यांचा डबा भरते, मग देवापुढे नैवेद्य ठेवते. कारण डबा हातात घेण्यापूर्वी काका दारातच विचारतात, "वहिनी, अर्पण झालंय का?" झालं असेल तर डबा नम्रपणे परत. नसेल तर आत, आणि तोच डबा नाताळात करंज्यांनी भरून आमच्याकडे येतो. आमच्या देवांनी या नंबरबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

शलमोनकाका साळवे भांडुपच्या आमच्या इमारतीत भिंतीला भिंत लावून राहतात. मूळचे नगरकडचे. एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. निवृत्त झाले, पण गेट काही सुटलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या दारात आणून बसवलं. मुलगी रूथ शाळेत असतानाच मार्थाकाकू गेल्या. जाताना "पोरीला जपा" एवढंच म्हणाल्या, आणि काकांनी ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू उंबऱ्यावर अडवली जाऊ लागली. निकालाचा शब्द एकच, चर्चमधून आणलेला: "जगिक." म्हणजे या जगाचं, देवभीरू घरात न चालणारं.

टीव्ही जगिक, म्हणून घरात नाही. वीस षटकांचं क्रिकेट जगिक, कसोटी मात्र चालते, कारण तिने सहनशीलता वाढते. एकदा रूथने पिझ्झा मागवला. काकांनी खोका उघडून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जगिक नाही. नुसता महाग आहे." मग दोन तुकडे खाल्ले.

रूथने एकदा गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणली. ती झोपल्यावर काकांनी दोन्ही गुडघ्यांना आपल्या जुन्या कोटाची ठिगळं लावली, तीही अगदी निगुतीने. बिचारी रडकुंडीला येऊन तीच घालून कॉलेजला गेली. संध्याकाळी परतली ती हसत. मैत्रिणी विचारत होत्या, कुठल्या दुकानातून घेतलीस यार, झकास आहे.

पण काकांचा खरा शत्रू म्हणजे आमची भिंत. संध्याकाळी आईच्या सिरीयलचं शीर्षकगीत सुरू झालं की पलीकडून टकटक व्हायची. "आली भावोजींची नोटीस," म्हणत आई आवाज कमी करायची. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात रूथ तिला गाठायची.

"मावशी, ती थोरली सून घर सोडून गेली का गं? तू नेमका तेव्हाच आवाज कमी केलास."

मग दोघींचं जिन्यात कुजबुजत कथाकथन चालायचं. काकांची चाहूल लागली की विषय लगेच कोथिंबिरीच्या भावावर यायचा.

रूथचं लग्न ठरलं अंधेरीच्या मुलाशी. काकांनी त्यालाही दारातच उभं केलं. "करमणूक काय तुमची?"

"कसोटी क्रिकेट," जावई म्हणाला. पोरीने पेपर फोडला होता, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. काकांनी मात्र त्याला आत घेतलं.

रूथ सासरी गेली. पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. शीर्षकगीत लागलं, आईने सवयीने आवाज आधीच कमी केला. टकटक. तिने आणखी कमी केला. पुन्हा टकटक. शेवटी तिने टीव्ही बंदच केला, तर थोड्या वेळाने बेल वाजली. दारात काका.

"वहिनी, बंद का केलात?"

"तुम्ही ठोकलंत ना भावोजी."

"मोठा करा म्हणून ठोकलं."

काका चपलेशी चाळा करत म्हणाले, "रूथचा फोन येतो रोज, ऑफिसातून सुटल्यावर. जेवलात का पप्पा? जेवलो. गोळी घेतली? घेतली. पुढे दोघंही गप्प. काल म्हणाली, कामाच्या नादात सिरीयल हुकते हो माझी. म्हटलं, तेवढं तरी सांगता येईल पोरीला."

"म्हणजे ती ऐकायची, ते तुम्हाला माहीत होतं?"

"अभ्यासाची खुर्ची कोण भिंतीला कान लावून ठेवतं, वहिनी?"

"मग ठोकायचात कशाला?"

"बाप आहे. ठोकावं लागतं."

आई म्हणाली, "या ना मग, आत बसून बघा."

"नको. बघणं जगिक आहे. ऐकू आलं, तर माझा इलाज नाही."

दुसऱ्याच दिवशी आईने माझ्याकडून टीव्ही त्या भिंतीला लावून घेतला. आता काका पलीकडे रूथच्या खुर्चीत बसून ऐकतात. चेहरे दिसत नसल्यामुळे त्यांचा थोरली-धाकटीत कायम गोंधळ होतो. मग फोन येतो, आणि काकांचा खणखणीत आवाज आमच्याकडे पोचतो. "अगं, धाकटीने दागिने परत केले बघ. मला वाटतंच होतं, पोरगी मनाने चांगली आहे."

थोरलीने केले असतील, तर आई लाटणं घेऊन उठते आणि इकडून टकटक करते.